पूर्वाश्रमीचे काका

जगातल्या कुठल्याही वस्तूचं आजचं नाव तात्पुरतं असतं, मालक बदलला की तेही जाणार, तेव्हा ते पाठ करण्यात अर्थ नाही, अशी ज्यांची पक्की समजूत असते त्या जातीचे एक काका आमच्या वेस्ट मांबलमच्या इमारतीत राहतात. मूळचे सांगलीकडचे. बँकेच्या नोकरीत बदली होऊन मद्रासला आले आणि त्यांच्या मते अजून मद्रासलाच आहेत; चेन्नई त्यांना फक्त रेल्वेच्या तिकिटावर भेटते. इमारतीतली आम्ही दोन-चार मराठी घरं त्यांच्या पाठीमागे त्यांना ‘पूर्वाश्रमीचे’ म्हणतो. लग्नानंतर एखाद्या बाईचं नाव छापताना खाली ‘पूर्वाश्रमीच्या कुमारी अमुक’ असं लिहायची पद्धत होती ना, काका ती पद्धत दुकानं, रस्ते, बँका, साबण आणि सरकारं यांनाही लावतात.

जुन्या आठवणींनी डोळे पाणावणाऱ्यांत मात्र त्यांना बसवू नका. ती मंडळी ‘आमच्या वेळी’ असं म्हणून सुरू करतात आणि सुस्कारा टाकून संपवतात. काका सुस्कारा टाकत नाहीत, दुरुस्ती करतात. तुम्ही एखादं नाव घेतलंत की ते हातातला चहा खाली ठेवतात, चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, ‘‘म्हणजे पूर्वीचं...’’ पुढे जे येतं ते ऐकून घेण्याखेरीज इलाज नसतो, कारण ते बहुतेक वेळा बरोबर असतं.

अशा माणसाला राहायला चेन्नईसारखं गाव नाही. इथे घराच्या फाटकावर दोन आकडे रंगवलेले असतात, जुना नंबर आणि नवा नंबर. महापालिकेने नवे दिले, लोकांनी ते लिहून घेतले आणि जुने पुसले नाहीत. पोस्टमन एकावर विश्वास ठेवतो, कुरियरवाला दुसऱ्यावर. ‘अण्णा सालै’ म्हणून रिक्षात बसा, रिक्षावाला ‘माउंट रोडा?’ असं विचारून खात्री करून घेतो. मद्रास राज्याचं तमिळनाडू झालं १९६९ मध्ये, मद्रासचं चेन्नई झालं १९९६ मध्ये, पण हायकोर्ट अजून मद्रासचं, विद्यापीठ मद्रासचं, आयआयटीही मद्रासची. शिवाय इथल्या सरकारने नावासाठी पैसेही सोडले. २००६ मध्ये करुणानिधींच्या सरकारने तमिळ नाव असलेल्या चित्रपटांना करमणूक कर माफ केला, तेव्हा सूर्या-ज्योतिकाचा ‘जिल्लुनु ओरु कादल’ पहिल्या अक्षरापुरता शुद्ध होऊन ‘सिल्लुनु ओरु कादल’ झाला. काका अजून ‘जिल्लुनु’च म्हणतात. कर काही त्यांना भरायचा नव्हता.

खुद्द काकांचं नावही या गावाने बदललं आहे. तमिळ माणूस वडिलांच्या नावाचं आद्याक्षर पुढे लावतो आणि मग स्वतःचं नाव सांगतो; आडनाव हा प्रकार त्याच्या हिशेबात नाही. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन डब्यांची मराठी गाडी इथल्या कचेरीत शिरली की डबे सुटे होतात. काकांच्या गॅसच्या पुस्तकावर ग्राहक म्हणून त्यांच्या वडिलांचं नाव आहे. वडील आयुष्यात कधी मिरजेच्या पुढे दक्षिणेत आले नाहीत, आणि गॅसवाला दारात उभा राहून त्यांच्या नावाने हाका मारतो. काका शांतपणे ‘हो’ म्हणून सही करतात. मी एकदा म्हटलं, काका, हे दुरुस्त करून घ्या की. ते म्हणाले, ‘‘कशाला रे? वडील म्हणजे माझं पूर्वीचंच नाव.’’

पण काकांचा खरा प्रांत टीव्हीच्या वाहिन्यांचा. तिथे त्यांचा एक सिद्धान्त आहे आणि तो त्यांनी मला जिन्यात, लिफ्टमध्ये आणि एकदा बेसंतनगरच्या वाळूत भुट्टा खाताना समजावून दिला आहे. आपल्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळांवर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. वाहिनीचंही तेच. नवा मालक आला की तांदळाचं ताट पुढे येतं. तेव्हा वाहिनीचं नाव बदललं अशी जाहिरात दिसली की कार्यक्रम काय बदलले ते बघू नये, लग्न कोणाशी लागलं ते बघावं.

उदाहरण म्हणून ते नेहमी विजय टीव्ही घेतात. तमिळ घरांत आज ही वाहिनी कोणाला ठाऊक नाही? सुपर सिंगर तिच्यावर, बिग बॉस तिच्यावर. काका तिला ‘गरुड’ म्हणतात. ‘‘आज गरुडावर काय आहे?’’ हे ऐकून नवा माणूस निसर्गाची वाहिनी शोधायला लागतो. १९९४ मध्ये ही वाहिनी निघाली तेव्हा तिचं नाव होतं गोल्डन ईगल कम्युनिकेशन, म्हणजे जीईसी. काढणारे एन. पी. व्ही. रामसामी उडयार. पोरूरचं रामचंद्र मेडिकल कॉलेज त्यांनीच काढलेलं, आणि धंदा मद्याचा. पुढे नव्वदीच्या मध्यावर ही वाहिनी विजय मल्ल्यांनी घेतली आणि तांदळात स्वतःचंच नाव लिहिलं. ‘‘म्हणजे बघ,’’ काका बोटावर मोजतात, ‘‘मद्यवाल्याच्या घरची मुलगी मद्यवाल्याच्याच घरी पडली. स्थळ अनुरूप.’’

नवरा बायकोला आडनाव देतो, या गृहस्थांनी आपलं पाळण्यातलं नाव देऊन टाकलं. त्यातून पुढची सगळी गंमत झाली. मल्ल्यांकडून वाहिनी गेली मुंबईच्या यूटीव्हीकडे. यूटीव्हीकडून २००१ मध्ये स्टारकडे. तिथे तिने हल्लीच्या मुलींसारखं दोन्ही ठेवलं, स्टार विजय. २०१९ मध्ये स्टारचं घरच्या घर डिस्नीने घेतलं. मधलं सासर जे यूटीव्ही, तेही तोवर डिस्नीच्याच पोटात गेलेलं होतं. आणि २०२४ च्या नोव्हेंबरात डिस्नीचा इथला संसार रिलायन्सच्या संसारात मिळून जिओस्टार झाला. इतकी सासरं झाली, पण कोणीही नवं ताट मागवलं नाही. ज्याच्या नावाने ही वाहिनी चालते तो २०१६ च्या मार्चमध्ये देश सोडून लंडनला गेला; त्याची विमानं गेली, बँकांचे पैसे गेले, आणि त्याचं नाव रोज संध्याकाळी तमिळनाडूच्या घराघरांत मालिकेच्या कोपऱ्यात चमकत राहिलं. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाचा हे सांगताना जो चेहरा होतो, तो मी इथे लिहून दाखवू शकत नाही. ‘‘सगळं जप्त झालं रे,’’ ते म्हणतात, ‘‘एवढं एक राहिलं.’’

खाली आमचा वॉचमन आहे, तो अभिनेता विजयचा भक्त. त्याच्या मते वाहिनी त्याच्या ‘अण्णा’ची. २०२४ मध्ये अण्णाने पक्ष काढल्यापासून तर तो विजय टीव्ही लागलेली दिसली की जरा ताठ बसतो. काकांनी त्याला आपल्या सुबक, सांगली वळणाच्या तमिळमध्ये समजावलं की अण्णाचा ‘पूवे उनक्काग’ चालला १९९६ मध्ये, तोवर त्याच्या नावाने वाहिनी काढावी इतकं त्याचं नाव झालेलं नव्हतं, आणि हा विजय म्हणजे किंगफिशरवाला. वॉचमनने ऐकून घेतलं. मग म्हणाला, सार, तुम्ही म्हणता तो मनुष्य आता इथे आहे का? नाही. माझा अण्णा आहे का? आहे. मग वाहिनी कोणाची? कब्जेदाराचा हक्क हा मुद्दा काकांना बँकेच्या परीक्षेपासून ठाऊक होता, त्यामुळे ते गप्प बसले. पुढे २०२४ मध्येच बिग बॉस चालवायला कमल हासनच्या जागी विजय सेतुपती आला, तेव्हा काकांनी मुद्दाम खाली जाऊन वॉचमनला सांगितलं की आता तिसरा कब्जेदार आला.

बाकीच्या तमिळ वाहिन्या त्यांना फारशा रंजक वाटत नाहीत, कारण त्यांची नावं वाचली की पक्ष कळतो आणि कोडं सुटतं. उगवता सूर्य ही द्रमुकची खूण, म्हणून १९९३ मध्ये निघाली ती सन टीव्ही. तिचं कार्यालयही कितीतरी वर्षं पक्षाच्या अण्णा अरिवालयममध्येच होतं. २००७ मध्ये सनवाल्या मारन बंधूंशी बिनसल्यावर करुणानिधींच्या घरातून निघाली ती कलैञर टीव्ही, कारण कलैञर ही त्यांची पदवी. जयललितांच्या बाजूची आधी जेजे टीव्ही होती, ती बंद पडली. १९९९ मध्ये जया टीव्ही आली. विजयकांत ‘कॅप्टन’, म्हणून कॅप्टन टीव्ही. जयललिता गेल्यावर जया टीव्ही शशिकलांच्या माणसांकडे राहिली, मग पक्ष ज्यांच्या हाती आला त्यांनी न्यूज जे काढली. एका ‘जे’च्या दोन चुली. यात शोधायचं काय, असं म्हणून काका पुढे जातात. मला हे सगळं त्यांच्यापेक्षा जास्त मजेदार वाटतं, पण सांगणारे ते आहेत.

घरात मात्र प्रश्न मराठी वाहिन्यांचा. काकूंना रात्री मराठी मालिका लागतात आणि इथे मराठी वाहिनी मागून घ्यावी लागते, आपोआप येत नाही. टीव्हीचा डबा या गावाला नवीन नाही. पैसे भरून बघायच्या वाहिन्यांसाठी सेट-टॉप बॉक्सची सक्ती देशात पहिल्यांदा लागू झाली ती इथेच, २००३ च्या सप्टेंबरात. पुढे २०११ मध्ये जयललितांनी सरकारी अरसु केबल महिना ७० रुपयांवर आणली. पण डबा काय नि सरकार काय, त्यात मराठी घालून घ्यायला माणूसच लागतो, आणि तो माणूस म्हणजे आमच्या गल्लीतला केबलवाला पोरगा. जन्म बहुधा या शतकातला. काका त्याला फोन करतात.

‘‘तंबी, अल्फा दिसत नाही.’’

‘‘अल्फा इल्ले, सार.’’

‘‘कालपर्यंत होतं.’’

‘‘सार, अल्फा चॅनलच इल्ले, सार.’’

पलीकडून काकू ओरडतात, ‘‘अहो, झी म्हणा! झी मराठी!’’ काका फोनवर हात ठेवून त्यांना सांगतात की वाहिनी निघाली १९९९ च्या १५ ऑगस्टला, अल्फा या नावाने, आणि २००५ मध्ये सगळ्याच अल्फांचं झी केलं. हे लग्नसुद्धा नव्हे, बापानेच मुलींना आपलं नाव लावलं. म्हणजे नामांतराला कारणच नव्हतं. तोवर पोराने फोन ठेवलेला असतो आणि काकूंची मालिका निम्मी झालेली असते. कलर्स मराठीला ते ई टीव्ही म्हणतात. हैदराबादेत रामोजी रावांच्या घरी जन्मलेली मुलगी, २०१५ मध्ये तिला रंग लावला. एबीपी माझाला स्टार माझा म्हणतात आणि ती त्यांच्या लेखी एकमेव घटस्फोटाची केस आहे. भागीदारी मोडली, २०१२ मध्ये स्टारने जाताना आपलं नाव काढून नेलं, आणि घरात राहिलं ते फक्त ‘माझा’. ‘‘माझा कोण, ते नंतर ठरलं,’’ काका म्हणतात. काकू या सगळ्यावर एकच उत्तर देतात: मी नावाने बघत नाही, नंबराने बघते. मग केबलवाला एके दिवशी सगळे नंबर उलटेपालटे करतो, आणि दोन दिवस त्या घरात फक्त सिद्धान्त चालतो, टीव्ही चालत नाही.

सावकारपेठेत आपल्या खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले सोनं गाळतात. काका महिन्या-दोन महिन्यांनी तिकडे गप्पा मारायला जातात, कारण तिथल्या जुन्या मंडळींना अल्फा म्हटलं की कळतं. तिथून आले की दोन दिवस त्यांची भूकही वाढलेली असते.

आणि मग २०२१ च्या ऑक्टोबरात सन मराठी आली. चेन्नईच्या सन समूहाची मराठी वाहिनी! काकूंनी पेढे आणले. आमच्या मराठी घरांत त्या आठवड्यात जावई गावचा निघाल्यासारखं वातावरण होतं. काका मात्र बेचैन. या वाहिनीला पूर्वीचं नावच नव्हतं. कोणाकडून घेतलेली नाही, कोणात विलीन झालेली नाही, थेट सन मराठी म्हणून जन्मलेली. पहिल्या दिवसापासून आजचंच नाव असलेली वस्तू समोर आली की या जातीच्या माणसाचं फार अवघड होतं. त्याला बोलायला शेपूटच सापडत नाही. शिवाय त्यांना नावाचाही राग होता: कन्नडमध्ये यांनी उदया ठेवलं, मल्याळममध्ये सूर्या, तमिळमध्ये विनोदी वाहिनीला आदित्य, आणि मराठीची वेळ आली तेव्हा पंचांगातले सगळे सूर्य संपले? रवी होता, भास्कर होता, मित्र होता. सूर्यनमस्कार घालणाऱ्या समाजाला बारा नावं पाठ असताना त्यांनी आपल्याला ‘सन’ दिलं.

काही दिवस ते ‘ती नवीन’ एवढंच म्हणत. मग एके सकाळी दुधाच्या पिशव्या घेताना प्रसन्न दिसले. सापडलं होतं. सन टीव्हीच्याही आधी, १९९० मध्ये, कलानिधी मारन यांनी व्हिडिओ कॅसेटवर एक तमिळ बातमीपत्र काढलं होतं. कॅसेट घरी आणायची, व्हीसीआरमध्ये घालायची आणि बातम्या बघायच्या. त्याचं नाव ‘पूमालै’. म्हणजे मूळ पुरुष पूमालै. त्यातून सन, सनमधून हा सगळा गोतावळा. त्या दिवसापासून काकांच्या घरी सन मराठीचं नाव पूमालै आहे. काकूंच्या मैत्रिणीने पुण्याहून फोन करून विचारलं, हल्ली काय बघतेस? मागून काका म्हणाले, पूमालै. मैत्रिणीला वाटलं, काकूंनी तमिळ शिकून घेतलं.

एकाच वाहिनीबद्दल काका बोलताना चहा खाली ठेवत नाहीत, तो तसाच हातात निवतो. ती म्हणजे इथली दूरदर्शन. चेपॉकजवळ स्वामी शिवानंद सालैवर तिचं केंद्र आहे. आपली जी सह्याद्री, ती आधी डीडी दहा होती. इथली होती डीडी पाच. २००० च्या सुमारास दूरदर्शनमधल्या कोणा भल्या माणसाला सुचलं असावं, त्याने आकडे काढून भूगोल लावला. मराठीला सह्याद्री, तमिळला पोदिगै, आंध्राला सप्तगिरी, गुजरातेत गिरनार. कर्नाटकात डोंगराऐवजी चंदन. पोदिगै म्हणजे तिरुनेलवेलीकडचा डोंगर, अगस्त्य मुनींचा, जिथून ताम्रपर्णी निघते. आणि तो डोंगर पश्चिम घाटातलाच, म्हणजे सह्याद्रीचंच दक्षिणेकडचं टोक. सांगलीहून निघालेल्या माणसाला मद्रासमध्ये टीव्ही लावला की आपल्याच डोंगराचं दुसरं टोक दिसायचं. काकांनी पूर्वीचं नाव टाकून नवीन घेतलं असं हे एकच उदाहरण मला माहीत आहे. डीडी पाच त्यांनी कधी म्हटलं नाही, कायम पोदिगै.

२०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान खेलो इंडियाच्या उद्घाटनाला चेन्नईत आले तेव्हा त्यांनी नव्या रूपातल्या वाहिनीचंही उद्घाटन केलं. नाव, डीडी तमिळ. चित्र स्वच्छ झालं, कार्यक्रम वाढले, आणि डोंगर गेला. या वेळी लग्न नव्हतं, मालक तोच होता. त्यांच्या सिद्धान्तात ते बसेना. ‘‘तमिळ भाषेची वाहिनी आहे हे कोणाला कळत नव्हतं?’’ एवढंच ते म्हणाले. मी म्हटलं, सह्याद्री आहे अजून. ते म्हणाले, ‘‘बघ आता किती दिवस.’’

इथवर काकांचं सगळं तर्काला धरून आहे. गडबड होते ती फक्त एका नावापाशी. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक तमिळ मामा राहतात, रेल्वेतून निवृत्त. ते, आणि खरं तर या गावातलं बहुतेक कोणीही, ‘बॉम्बे’ म्हणतं. मुलगी बॉम्बेला, बॉम्बे मेल, बॉम्बेत पाऊस. मद्रास, माउंट रोड, गरुड आणि अल्फा म्हणणारे आमचे काका हे ऐकताच ताडकन उठतात: ‘‘मुंबई! १९९५ पासून मुंबई!’’

मामांनी कितीतरी वर्षं हे ऐकून घेतलं. परवा ते काकांकडे कॉफी प्यायला आले होते, मीही होतो. टीव्हीवर काकूंची मालिका लागायची होती. बॉम्बे निघालं, काका उठले, आणि मामा म्हणाले, ‘‘करेक्ट. नाइन्टीन नाइन्टी-फाइव्ह. आणि चेन्नई नाइन्टी-सिक्स. एका वर्षात तुमचं धोरण बदललं?’’

मला वाटलं, आता काका सापडले. पण इतकी वर्षं सिद्धान्त पोसलेला माणूस असा सापडत नाही. ते म्हणाले, ‘‘मुंबई हे नवीन नाव नव्हेच. मुंबादेवी आधी, इंग्रज नंतर. बॉम्बे हे तांदळातलं नाव. मी पूर्वीचंच घेतो, मी तुम्हाला वेगळा नियम लावत नाही.’’

मामांना हेच हवं होतं. त्यांनी कपबशी बाजूला सारली. चेन्नप्प नायक, म्हणाले. ज्या दामर्ला नायकांनी १६३९ मध्ये इंग्रजांना किनाऱ्यावरची जागा दिली त्यांचे वडील. त्यांच्या नावाने चेन्नपट्टणम. तेव्हा चेन्नई हेही पूर्वीचंच, आणि मिस्टर, तुम्ही आयुष्यभर सासरचं नाव घेत बसलात. काका म्हणाले, थांबा, इंग्रजांना दिलेल्या त्याच सनदेत मद्रासपट्टणम हे नाव आहे, म्हणजे गाव आधीपासून होतं, चेन्नप्पा त्यावर नंतर चढवला. मामा म्हणाले, मद्रासपट्टणम उत्तरेला, चेन्नपट्टणम दक्षिणेला, किल्ला मध्ये. काका म्हणाले, मग किल्ल्याच्या कुठल्या फाटकाने आपण आत शिरायचं ते आधी ठरवू. मामा कागद मागायला लागले, नकाशा काढायला. वादात दोघांचेही आवाज चढले, एक मराठी वळणाच्या तमिळमध्ये आणि दुसरा रेल्वेच्या इंग्रजीत, आणि दोघांच्या चेहऱ्यांवर असा आनंद होता की मध्ये पडणं पाप वाटलं असतं.

काकूंनी ते पाप केलं. पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘‘मद्रास असू दे नाहीतर चेन्नई, दोघेही गॅलरीत जा बघू. इथे अल्फा सुरू झालंय.’’